गाणं वीस मिनिटांचं, त्यात पाहुणा वादक: जॅम बॅण्ड ऐकायचा कसा?

१५ डिसेंबर २०२४ला उस्ताद झाकिर हुसेन यांचं सॅन फ्रान्सिस्कोत निधन झालं आणि पुढचे आठ-दहा दिवस व्हॉट्सॲपवर त्यांच्या व्हिडिओंचा नुसता पाऊस पडला. वडिलांबरोबरची जुगलबंदी, संतूरची साथ, चहाची जाहिरात, हे सगळं ओळखीचं. मधेच एखादा व्हिडिओ मात्र कोड्यात टाकायचा: पिकल्या केसांच्या एका अमेरिकन ड्रमवाल्याशेजारी उस्ताद बसलेत, भोवती घट, कोंगा आणि नाव माहीत नसलेली ढीगभर वाद्यं. तो ड्रमवाला मिकी हार्ट, आणि त्याचा बॅण्ड ग्रेटफुल डेड. आमच्या जळगावकडच्या ग्रुपवर एकाने तो धागा धरून या बॅण्डची अख्खी मैफलच टाकली. सात-आठ मिनिटांनी दुसऱ्याने विचारलं, ‘‘भाऊ, हाई गाणं कव्हय चालू व्हई?’’

गाणं केव्हाच सुरू झालं होतं. त्यातले शब्द संपून वाजवणं चाललं होतं इतकंच. सगळे हसले, पण प्रश्न रास्त आहे. तीन मिनिटांत मुखडा, दोन अंतरे आणि शेवट ऐकायची सवय असलेल्या कानाला हा प्रकार कुठून धरायचा हेच कळत नाही. त्यात मधेच एखादा पाहुणा तालवादक येऊन बसला की गोंधळात भर. म्हणून हे जरा पायापासून.

जॅम बॅण्ड म्हणजे काय?

जो बॅण्ड आपलंच गाणं मंचावर दर वेळी नव्याने वाढवतो, आणि ते वाढवणं आधी लिहून किंवा पाठ करून आणत नाही, तो जॅम बॅण्ड. गाण्याचे शब्द, चाल, सुरुवात, शेवट ठरलेला. मधला प्रदेश मोकळा. त्या मोकळ्या भागाला ‘जॅम’ म्हणतात. तो दोन मिनिटांचा होईल की पंचवीस, हे वाजवणाऱ्यांनाही आधी ठाऊक नसतं.

या पद्धतीचं मूळ घराणं म्हणजे ग्रेटफुल डेड. १९६५ साली कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे हा बॅण्ड सुरू झाला आणि १९९५च्या ऑगस्टमध्ये त्यांचा मुख्य गिटारवादक जेरी गार्सिया वारला तोवर, म्हणजे तीस वर्षं चालला. १९६९ साली फ्लोरिडातून ऑलमन ब्रदर्स आले. १९८३ साली व्हर्माँटमधून फिश. या फिशने २०१७ साली न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तेरा कार्यक्रम केले आणि तेराही रात्रींत एकही गाणं दुसऱ्यांदा वाजवलं नाही. आपल्याकडे ऑर्केस्ट्रावाल्याने फर्माइशीचं गाणं वाजवलं नाही तर लोक अंगावर येतात. इथे उलट आहे. काल वाजवलेलं आज वाजवलं तर लोक नाराज.

यामागे पोटापाण्याचं गणितही आहे. बहुतेक बॅण्ड आधी रेकॉर्ड विकतात आणि मग तिच्या जाहिरातीसाठी दौरे काढतात. जॅम बॅण्डचं दुकान दौऱ्यावरच चालतं. रोजचा कार्यक्रम वेगळा असल्यामुळे तोच माणूस सलग चार रात्री तिकीट काढतो.

सप्ताहातला पखवाजी आठवा

एवढ्याने उलगडा होणार नाही. पण खान्देशात वाढलेल्या माणसाच्या कानावर हा प्रकार लहानपणीच पडलेला असतो. अमळनेर, पारोळा, मुक्ताईनगर, कुठल्याही गावातला हरिनाम सप्ताह डोळ्यांसमोर आणा. कीर्तनाला गावचे टाळकरी उभे आहेत, आणि आज पखवाजावर बाहेरगावचा कुणी नावाजलेला मृदंगाचार्य आला आहे. त्याची आणि या मंडळींची तालीम झालेली नाही. अभंग कोणता येणार हे बुवांनाच ठाऊक. चाल या गावची, तिच्यातल्या खाचाखोचा या गावच्या.

तो काय करतो ते बघा. पहिल्या ओळीला साधा भजनी ठेका धरतो, त्यात एक बोल जास्तीचा नाही. नजर पखवाजावर नसतेच. ती टाळकऱ्यांच्या हातांवर, बुवांच्या मानेवर असते. दुसऱ्या-तिसऱ्या आवर्तनात या गावचे टाळ कुठे दाबून पडतात ते त्याच्या ध्यानात येतं. मग तो एक छोटा तुकडा टाकून बघतो. टाळकऱ्यांनी तो झेलला तर पुढचा मोठा. नाही झेलला तर गुपचूप ठेक्यावर परत. पाऊण तासाने गजर चढतो, लय दुपटीला जाते, आणि मांडवातली म्हातारी माणसंसुद्धा उभी राहतात. त्या क्षणी गावचे टाळ आणि बाहेरचा पखवाज वेगळे काढता येत नाहीत. कुणी काही ठरवलेलं नव्हतं. सगळे एकमेकांचं ऐकत होते.

जॅम बॅण्डच्या मंचावर पाहुणा तालवादक येतो तेव्हा घडतं ते हेच. फरक एवढाच की तिथे अभंगाच्या जागी रॉकचं गाणं आहे आणि टाळांच्या जागी वीजेवर चालणाऱ्या गिटारी. ऐकायचं काय, या प्रश्नाचं माझं उत्तरही इथेच आहे. वादकाची करामत नंतर ऐका. आधी तो दुसऱ्याचं कसं ऐकतो ते ऐका. पाहुण्याला पुढचं माहीत नसतं, त्यामुळे त्याचं ते ऐकणं आपल्याला चक्क ऐकू येतं.

पर्कशन कशाला म्हणतात, आणि पाहुणा तोच का?

मूळ बॅण्डमधला ड्रमसेट सोडला, तर हाताने, काठीने, घासून किंवा हलवून वाजवायच्या उरलेल्या सगळ्या तालवाद्यांना मिळून पर्कशन म्हणतात. क्यूबाचे उभे कोंगा, त्यांची धाकटी जोडी बोंगो, पश्चिम आफ्रिकेचा जेम्बे, पेरूचा काहोन (ही तर बसून वाजवायची लाकडी पेटी), खंजिरी, खुळखुळा, गाईच्या गळ्यातल्यासारखी लोखंडी घंटा. तबला, घटम्, पखवाजही यातच.

गिटारवाला पाहुणा आला तर त्याला गाण्याचे सूर आधी माहीत हवेत. पट्टी बदलली आणि त्याला कळलं नाही, तर चारचौघांत शोभा होते. तालवादकाला ती भीती कमी. लय हाताला लागली की तो आत शिरू शकतो. शिवाय जॅमचा लांबलेला भाग बऱ्याचदा एक-दोन स्वरमेळांवरच रेंगाळत असतो, आपल्याकडे तानपुऱ्यावर षड्ज धरून ठेवावा तसा. अशा सपाट, मोकळ्या जागी नवा माणूस सहज सामावतो.

याचं मला सगळ्यात आवडणारं उदाहरण अमेरिकेतलं नाहीच, इजिप्तमधलं आहे. सप्टेंबर १९७८मध्ये ग्रेटफुल डेडने गिझाच्या पिरॅमिडांपाशी तीन रात्री कार्यक्रम केले. तिथे हमझा अल दीन हा नूबिया प्रांतातला गायक-वादक त्यांच्याबरोबर होता. त्याच्या हातात ‘तार’ नावाचं वाद्य. नाव तार असलं तरी ते तंतुवाद्य नाही, आपल्या डफाचं भावंड म्हणा. तो आणि त्याचे गावबंधू बारा मात्रांचं एक नूबियन गाणं टाळ्यांवर सुरू करत. मंचावर बाकी शांतता. मग बॅण्डचा एकेक माणूस येऊन त्या टाळ्यांत हलकेच आपलं वाद्य मिसळायचा. हळूहळू टाळ्या विरायच्या, नूबियन मंडळी आत जायची आणि लोकांच्या लक्षात यायचं की आता रॉकचं गाणं चालू आहे. सांधा कुठे जुळला ते सांगता येत नाही.

गंमत बघा, इथे पाहुणा यजमानाच्या गाण्यात शिरला नाही, यजमानच पाहुण्याच्या गाण्यात शिरले. त्यात बॅण्डचा दुसरा ड्रमवाला बिल क्रॉइट्झमन मनगट मोडल्यामुळे एका हाताने वाजवत होता. शेवटच्या रात्री खग्रास चंद्रग्रहणही होतं. वाजवण्याचा दर्जा म्हणाल तर या तीन रात्री बॅण्डच्या उत्तम कार्यक्रमांत मोजत नाहीत, पण टाळ्यांतून गाण्यात जाण्याचा तो भाग पुन्हापुन्हा ऐकावा असा आहे.

‘आधीच दोन ड्रमवाले, त्यात तिसरा कशाला?’

ही शंका बरोबर आहे. ग्रेटफुल डेडमध्ये १९६७पासून बराच काळ दोन ड्रमवाले होते, ऑलमन ब्रदर्समध्येही दोन. मग तिसऱ्याने काय करायचं, गोंगाट?

टेबलावर करून बघा. एक ते आठ असं संथ, सारख्या अंतराने मोजत राहा. रॉकच्या साध्या ठेक्यात पायाने वाजणारा मोठा ड्रम एक आणि पाचवर घुमतो, आणि खडखडीत आवाजाचा स्नेअर तीन आणि सातवर पडतो. आता कोंगावाल्याचा नेहमीचा ठेका घ्या. तो तिसऱ्यावर चापट मारतो, म्हणजे स्नेअरच्या बरोबर अंगावर. आणि सात-आठवर दोन खुले, घुमणारे आघात देतो: टुम्‌-टुम्‌. मधल्या जागांवर तळहाताची टाच आणि बोटांची टोकं नुसती डोलत असतात, ते जवळपास ऐकू येत नाही. त्या शेवटच्या टुम्‌-टुम्‌मुळे पुढचा ‘एक’ यायच्या आधीच आपल्याला ढकलल्यासारखं होतं. ड्रमवाला समेवर आणून सोडतो, कोंगावाला समेकडे लोटतो. दोघांची कामं वेगळी, म्हणून गर्दी होत नाही.

दुसरी गोष्ट आवाजाच्या जातीची. मोठा ड्रम आणि बास गिटार खर्जात, झांजा एकदम वर. कोंगा, तबला यांचा आवाज मधल्या पट्टीत पडतो, नेमका जिथे गिटार आणि गळा असतात. त्यामुळे गाणारा गात असताना चांगला पाहुणा जवळजवळ गप्प बसतो. एखादा खुळखुळा उचलतो, दोन ओळींच्या मधे एखादी थाप देतो. नवखा ओळखायचा तो इथेच. आपल्याला मंचावर बोलावलं आहे म्हणजे वाजवलंच पाहिजे, असं त्याला वाटत असतं.

मग तबला सहज बसत असेल?

नाही, आणि याची कारणं अगदी व्यवहारातली आहेत. तबला एका ठरावीक सुराला लावलेला असतो. बॅण्डने पुढचं गाणं दुसऱ्या पट्टीत घेतलं की तोच तबला खटकायला लागतो. हातोडीने गठ्ठे ठोकत बसायला तिथे वेळ नसतो, म्हणून वेगवेगळ्या सुरांचे दोन-तीन तबले शेजारी मांडून ठेवावे लागतात. कोंगाला असा काटेकोर सूर नाही.

दुसरी अडचण डग्ग्याची. त्याची मींड, म्हणजे घुमत घसरणारा सूर, मायक्रोफोनमधून मंचावरच्या स्पीकरांत जाते, तिथून परत मायक्रोफोनमध्ये, आणि भोंगा लागल्यासारखा ‘हूऽऽ’ सुरू होतो. सप्ताहातल्या मांडवात हा ‘हूऽऽ’ आपण सगळ्यांनी ऐकला आहे. शेजारी ड्रमसेट धडाडत असेल तर तबल्यासमोरचा मायक्रोफोन तबल्यापेक्षा ड्रमच जास्त उचलतो. म्हणजे साउंडवाला जाणकार नसेल, तर उस्तादसुद्धा लोकांना नुसते हात हलवताना दिसतील.

तरीही हा संयोग घडला आणि टिकला, तो मंचाच्या आधी वर्गात. मिकी हार्ट १९६७ साली झाकिरभाईंचे वडील उस्ताद अल्लारखाँ यांना भेटला आणि आपल्याकडच्या मात्रांच्या हिशेबाने भारावून गेला. चार-चारच्या चौकटीत चालणाऱ्या रॉक बॅण्डने नंतर अकरा मात्रांची रचना वाजवली, त्यामागे हा नाद होता. पुढे कॅलिफोर्नियातल्या सरोदवादक अली अकबर खाँसाहेबांच्या संगीतशाळेत तरुण झाकिर शिकवायला लागले. तिथल्या विद्यार्थ्यांचा तालवाद्यांचा एक ताफा उभा राहिला, त्यात हार्ट मिसळला, आणि १९७६ साली त्यांची रेकॉर्ड निघाली. १९९१च्या ‘प्लॅनेट ड्रम’ या अल्बममध्ये तर झाकिरभाईंचा तबला, विक्कु विनायकराम यांचा घटम्, नायजेरियाचे बाबातुंडे ओलातुंजी, ब्राझीलचा आयर्टो मोरेरा, पोर्टो रिकोचा जोव्हानी हिदाल्गो असे सगळे एकत्र आहेत. जागतिक संगीतासाठीचं पहिलं ग्रॅमी याच अल्बमला मिळालं. व्हॉट्सॲपवर आलेल्या त्या कोड्यात टाकणाऱ्या व्हिडिओमागे इतकी जुनी ओळख आहे.

‘हे सगळं आधी ठरलेलंच असणार’

काही ठरलेलं असतंच. पाहुणा दुपारी येतो, मायक्रोफोन तपासतो, कुठल्या गाण्यांत बसायचं ते बोलून घेतो. ग्रेटफुल डेडच्या कार्यक्रमात दुसऱ्या भागात एक जागा तर तालवाद्यांसाठीच राखून असायची. बाकीचे वादक आत जायचे आणि दोघे ड्रमवाले जगभरच्या वाद्यांवर तुटून पडायचे. त्यांत पियानोच्या जाड तारा ताणलेला ॲल्युमिनियमचा एक लांबलचक खांबही होता. तो वाजला की खुर्ची थरथरायची म्हणे. पाहुणा तालवादक बहुधा याच जागी यायचा.

ठरलेलं नसतं ते वळण. लय कधी वाढवायची, कधी एकदम खाली यायचं, मूळ गाण्यावर कधी परतायचं. ते खुणांनी चालतं. गिटारवाला गाण्याचा ओळखीचा तुकडा हळूच वाजवतो, ड्रमवाला मान वर करतो, बासवाला एक पाऊल पुढे येतो. पाहुण्याची परीक्षा या परतीच्या क्षणी असते. सगळे एका फटक्यात थांबले आणि याचा हात पुढे गेला, तर तो एकटा ‘टुम्‌’ अख्ख्या मैदानाला ऐकू जातो. म्हणून शहाणे पाहुणे ड्रमवाल्याच्या झांजेवरून नजर हलवत नाहीत. त्याने झांज हाताने धरून गप्प केली की आपणही गप्प.

‘नशेत बसलेल्यांचं संगीत आहे हे’

हा आक्षेप खोडून काढण्यासारखा नाही. या संगीताचा जन्म साठच्या दशकातल्या सॅन फ्रान्सिस्कोच्या परिसरात, एलएसडी या अमली पदार्थाच्या मेळाव्यांत झाला, आणि त्या मेळाव्यांचा घरचा बॅण्ड ग्रेटफुल डेडच होता. गार्सियाचं आयुष्यही व्यसनाने पोखरलं. हे झाकायचं कारण नाही.

पण नशेत सोळा-सोळा मात्रांचे हिशेब तीस वर्षं सांभाळता येत नाहीत. या लोकांनी सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनसारख्यांचं जॅझ कान देऊन ऐकलं होतं आणि तासन्‌तास रियाझ केला होता. माझी तक्रार वेगळीच आहे. पुष्कळ जॅम कंटाळवाणे असतात. कुणालाच काही सुचत नाही, सगळे एकमेकांकडे बघत तेच ते दळत राहतात, आणि भक्त मंडळी ‘वा वा’ करत असतात. चाहते हे कबूल करत नाहीत. ठरवून वाजवणाऱ्याला वाईट दिवसाची भीती कमी असते, न ठरवता वाजवणाऱ्याला ती रोज असते. हा व्यवहार पत्करूनच तिकीट काढायचं.

लोकांनी केलेली रेकॉर्डिंगं

रोजचा कार्यक्रम वेगळा, म्हणून त्याची नोंद ठेवायची धडपडही लोकांनीच केली. टेपरेकॉर्डर घेऊन येणाऱ्यांना ग्रेटफुल डेडने हाकललं नाही. उलट १९८४पासून त्यांच्यासाठी बसायची वेगळी जागा ठेवली. अट एकच: टेपा अदलाबदल करा, विकू नका. कॉर्नेल विद्यापीठातल्या ८ मे १९७७च्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग आज अमेरिकेच्या राष्ट्रीय ध्वनिसंग्रहात आहे.

हे वाचताना मला आपलीच खंत वाटते. नवापूर-नंदुरबार पट्ट्यात लग्नात रात्रभर टिमली, म्हणजे आदिवासी नाचाची धून, वाजवणारे बॅण्ड आहेत. नाचणारे थांबत नाहीत तोवर एक धून थांबत नाही, ती वाढत, वळत, दुसरीत शिरते. अक्कलकुव्याजवळच्या काठीच्या होळीला गावोगावचे ढोल रात्रभर घुमतात आणि होळी पेटते ती पहाटे. वहीगायन या खान्देशी लोकगायनात डफावर सवाल-जवाब रंगतात. लोक मोबाइलवर टिपतातही, पण अर्ध्या मिनिटाचं, स्टेटसपुरतं. अमुक साली अमुक गावी तमुक पावरीवाला (पावरी म्हणजे आदिवासींचं फुंकून वाजवायचं वाद्य) बसला होता आणि त्या रात्री वादन कसं वळलं, हे पन्नास वर्षांनी कुणाला ऐकायचं असेल तर काय सापडणार? आणि डीजेच्या भिंतीपुढे तर पाहुण्याने येऊन बसायची सोयच नाही. पेनड्राइव्ह कुणाचं ऐकत नाही.

पहिल्यांदा ऐकताना

मोबाइलच्या स्पीकरवर ऐकू नका. त्यात खर्ज येतच नाही, म्हणजे निम्मा ताल गेला. इयरफोन लावा. इंटरनेट आर्काइव्हवर ग्रेटफुल डेडचे हजारो कार्यक्रम ठेवलेले आहेत, पण त्या समुद्रात उडी मारण्याआधी ‘प्लॅनेट ड्रम’ घ्या, कारण त्यात ओळखीचा तबला आहे. तबला आधी धरा आणि त्याला सोडू नका. बाकीच्यांकडे दुर्लक्ष करा. दुसऱ्या खेपेला तबला सोडून घटम् धरा. मग गिझाचं ते टाळ्यांचं गाणं लावा आणि बारा मात्रा बोटांवर मोजत राहा. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्रा दुप्पट केल्या की हिशेब जमतो. मोजता मोजता मधेच गिटार ऐकू येईल. ती किती वेळापासून वाजत होती ते मागे जाऊन बघा.